पांढऱ्या दिव्यांचा आठवडा

मी एकदा सबंध आठवडाभर, संध्याकाळी गाडी चालवताना, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला मान लववून नमस्कार केला आहे. हे मी आज आपणहून कबूल करते. घरातली माणसं येईल त्या पाहुण्याला ते सांगतातच. त्यांच्या तोंडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्या हातचं वाचलेलं बरं.

झालं असं, की समोरची गाडी जवळ आली की तिचे दिवे दोन-तीनदा उघडझाप करायचे. मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. मालवणपासून आत कसालपर्यंत रस्त्याला लागणाऱ्या कुठल्याही गावात माझा एक तरी विद्यार्थी रिक्षा, टेम्पो, नाहीतर चिऱ्यांचा ट्रक चालवतो. मला वाटलं, पोरं बाईंना ओळख देतायत. काही जण दिव्यांबरोबर हॉर्नही वाजवत. हा बहुतेक माझ्या हातची छडी खाल्लेला असणार, असं मनाशी म्हणून मी त्याला जरा जास्तच वाकून नमस्कार करी. घरी येऊन नवऱ्याला सांगे, "माणसं अजून मानतात हो मला."

तेव्हा मी तरुण होते. त्रेसष्टावं नुकतंच लागलं होतं. आता सत्तरी मागे टाकल्यावर त्या बाईकडे बघते, तेव्हा तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करावंसं वाटतं.

गाडी चालवायला मी शिकले होते जेमतेम वर्षभरापूर्वी. त्याआधी गाडी नवऱ्याची. त्याचं कसालला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, चाळीस वर्षं. ट्रकपासून स्कूटरपर्यंत जे जे पेटतं आणि जे जे विझतं, ते सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दुकान बंद, गाडी बंद, रोज फिरायला जायचं. दुकान त्याने बंद केलं. फिरायला तो जाऊ लागला. गाडी मात्र कोणीतरी चालवायला हवीच होती, म्हणून आमच्या जुन्या व्हॅनच्या चाकामागे मी बसले. तो शेजारी बसून वळणावळणाला नसलेला ब्रेक पायाने दाबायचा.

त्या वर्षी आमच्या लेकीला दिवस गेले होते. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. मधली वर्षं कशी गेली ते मी लिहीत नाही. ती दिली आहे बांद्याला, गोव्याच्या हद्दीजवळ, दोन तासांच्या वाटेवर. जावई बोटीवर, तो बाळ झाल्यावरच घरी पोचणार. घरात सासू, तिचे गुडघे धरलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमच्यात रीत. मी डिंकसुद्धा आणून ठेवला होता. पण सातव्यातच डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, की आता प्रवास करायचा नाही, दवाखान्याजवळच राहायचं. म्हणजे लेक माहेरी यायची ती नाहीच, माहेराने उठून तिच्याकडे जायचं. फोन आला की निघायचं, एवढं ठरलं. तारीख होती श्रावणातली. फोन दिवसा आला तर काही प्रश्न नव्हता. पण बाळं काही शाळेच्या घंटेवर येत नाहीत.

आणि आमच्या व्हॅनचे दिवे म्हणजे देवळातल्या समया. पिवळे, मिणमिणते. एका पावसाळी संध्याकाळी कसालहून येताना मला वळण उशिरा दिसलं आणि डावं चाक रस्त्याकडेच्या व्हाळीत, ओहोळात गेलं. चार माणसांनी ढकलून गाडी वर काढली, कोणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री माझा डोळा लागेना. इथेच ही तऱ्हा, तर बांद्यापर्यंत मी कशी पोचणार? आणि नाही पोचले तर? पोर एकटी.

तर दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तेव्हा मी कोणाला न सांगता हायवेवरच्या एका दुकानात शिरले आणि एलईडी दिवे मागितले. नवऱ्याला का विचारलं नाही? विचारलं असतं तर त्याने वीस प्रश्न काढले असते. शिवाय, खरं सांगायचं तर, चाळीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला एकदा तरी उजेड पाडून दाखवावा, अशी मला हौस होती.

दुकानदाराने बल्ब बॅटरीला लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "बघा बाई, दिवस उगवला की नाही?"

मी बघितलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दहापैकी दहा मार्क दिले आणि जोडी बसवून घेतली. मागच्या बाजूला त्या बल्बांना छोटे पंखे होते, ते काही आत मावेनात. दुकानातल्या कारागिराने दिव्यामागची रबरी टोपी कात्रीने कापली आणि बसवले. मला वाटलं, काय हुशार माणूस!

घरी येऊन गाडी घराच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. चुन्याची भिंत अशी उजळली, की पालींची पळापळ झाली. शेजारीण धावत बघायला आली. "अगो बाय, लगीनघर वाटता!" म्हणाली. बस्स. माझी परीक्षा संपली, निकाल लागला. नवरा तेव्हा आत औषध घेऊन पडला होता.

मग तो नमस्कारांचा आठवडा.

आठव्या दिवशी त्याची औषधं संपली आणि तो म्हणाला, मीही येतो बाजारात. परतताना अंधार पडायला आला होता. मी दिवे लावले. समोरून टेम्पो आला, त्याने दिवे मारले, मी मान लववली.

"कोण गो तो?" नवऱ्याने विचारलं.

"असेल कोणी विद्यार्थी."

दुसरी गाडी. पुन्हा दिवे, पुन्हा नमस्कार.

"आणि ह्यो?"

"हाही."

तिसरा मोटरसायकलवाला होता. त्याने एक हात डोळ्यांवर धरला आणि दुसऱ्या हाताने कशीबशी गाडी सावरत, जाता जाता काहीतरी ओरडला. मी त्यालाही नमस्कार केला.

नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून आमच्याच दिव्यांकडे बघितलं, आत घेतलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाईंनू, ते तुका नमस्कार करणत नाय. गाळी घालतत."

कधी कधी तो मला "बाईंनू" म्हणतो. बहुतेक वेळा मी काहीतरी मोठं करून ठेवलेलं असतं तेव्हाच.

मला वाटलं आता घरी जाईपर्यंत ऐकून घ्यावं लागणार. तसं काही झालं नाही. घरी आल्यावर त्याने बॅटरी मागितली, गुडघ्यावर बसला आणि दिव्यांची मागची बाजू बघितली. कापलेली रबरी टोपी हाताला लागली, तेव्हा मात्र कोणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसा त्याचा चेहरा झाला. "ह्या कापल्यान? समुद्राच्या वाऱ्याक दार उघडून दिल्यान मगे." दिव्याच्या आत बाष्प धरलंच होतं, थेंब लोंबत होते.

"पण उजेड किती आहे ते बघा की!" मी म्हटलं.

"बगूया," तो म्हणाला. "उद्या सांजेक सड्यार जावया. तूच पेपर काढ, तूच तपास."

सडा म्हणजे आमच्या गावामागचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्याच्यावरून एक सरळ रस्ता जातो, ना घर ना झाड. दिवेलागणीनंतर तिथे चिटपाखरू नसतं. पाऊस उघडला होता. त्याने मला गाडीत बसवलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि स्वतः काळी छत्री घेऊन खाली उतरला.

"मी रस्त्याच्या कडेन चलत जातंय, पावलां मोजीत. मी दिसाक नाय काय हॉर्न मार. थंय मी दगड ठेयतंय. मगे जुने बल्ब घालून परत तसाच करूया. बस, एवढाच."

तो चालू लागला. गाडीसमोरचा रस्ता दुधाने सारवल्यासारखा दिसत होता. खडी न् खडी वेगळी मोजून घ्यावी. मनात म्हटलं, आता बघा. वीस पावलं, तीस पावलं. त्याची पाठ, काळी छत्री, त्याच्या पांढऱ्या चपला. चाळिसाच्या पुढे छत्री आधी गेली. मग पाठ. पंचेचाळिसाच्या आसपास दोन चपला उचलल्यासारख्या हलल्या, आणि मग काहीच नाही. त्या पांढऱ्या उजेडाच्या पलीकडे नुसती काळी भिंत.

मी हॉर्न मारला नाही.

आता कारण सांगते. दिवे मी आणले होते. माझ्या पोरांपैकी एखादं काठावर नापास होत असलं, तर मी पेपर पुन्हा एकदा वाचून दोन मार्क शोधून काढायची. तसंच वाटलं. थोडं थांबू, डोळे सरावले की दिसेल. मान पुढे काढली, काच पुसली. नाहीच. आणि तो काळोखात चालतच होता. हॉर्न वाजला नाही, म्हणजे मी त्याला दिसतोय, असं धरून. त्याला माझ्याबद्दल कधी शंका आली नाही, हा त्या माणसाचा मोठा दोष.

शेवटी मलाच धीर धरवेना. हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.

बऱ्याच वेळाने तो उजेडात आला. छत्रीची काठी टेकत, चेहरा खुललेला.

"ऐंशी पावलां! बरो आसा गो तुझो बल्ब. मी उगीच नावां ठेयत होतंय. बांद्याक ह्येच घेवन जावया. त्या म्हशीच्याव फुडे गेलंय मी."

"कुठल्या म्हशीच्या?" माझ्या तोंडून गेलं.

तो थांबला. "साठाव्या पावलार म्हस बसली हा. रस्त्यार. अर्धो रस्तो अडवन."

पावसाळ्यात आमच्याकडची गुरं ओल्या गवतापेक्षा कोरड्या डांबरावर बसतात, हे मी दुसरीच्या मुलांनाही सांगितलेलं आहे.

तो खिडकीवर हात ठेवून उभा.

"खरा सांग. मी केदवा दिसूचो बंद झालंय?"

"पंचेचाळिसाला."

"मगे हॉर्न कित्याक मारूक नाय?"

"बल्ब माझा होता."

त्याचे खांदे हलायला लागले. "पेपर तपासताना असाच करी होतंस?"

"फक्त आवडत्या पोरांचे."

तो छत्रीला धरून हसला. ऑपरेशननंतर एवढा हसलेला मी त्याला पाहिला नव्हता. टाके उसवतील की काय, असं वाटलं. मीही हसत होते, आणि हसता हसता एकदम थांबले. त्या काळ्या भिंतीमागे तो ऐंशीव्या पावलापर्यंत गेला होता. आणि ती म्हैस म्हैस नसती, बांद्याच्या वाटेवर डोक्यावर पाटी घेऊन जाणारी कोणी बाई असती तर?

"तुम्ही मला दिसला नाहीत हो," मी म्हटलं. "खरंच दिसला नाहीत."

"चाळीस वर्सां झाली," तो दार उघडून शेजारी बसत म्हणाला, "आता खंय माका बगूक लागलंस!"

मग त्याने मला समजावलं. दुकानात गिऱ्हाइकाला कधी समजावलं नसेल इतकं सावकाश. जुन्या बल्बमध्ये एक बारीक तार असते, एकाच जागी. मागची चकचकीत वाटी त्या तारेचा उजेड बरोबर कुठे फेकायचा, ते धरून घडवलेली. नवा बल्ब उजेड देतो भरपूर, पण तो निघतो दुसऱ्या जागेहून, दुसऱ्या आकाराने. वाटीला त्याचं काय करावं कळत नाही. थोडा पायाशी सांडतो, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. "पाणी पाटान सोडला तर शेवटच्या माडाक पोचता. तू बालदी खळ्यातच वतलंस. खळा चकाचक, माड सुको." आणि जवळ इतकं लख्ख दिसलं, की डोळे तिथेच भुलतात, लांबचं त्यांना दिसत नाही. ज्या गाड्या कारखान्यातूनच एलईडी घेऊन येतात त्यांचं वेगळं, तो म्हणाला. त्यांची वाटी त्या दिव्यासाठीच केलेली असते. दिवा वाईट नाही, घर चुकलं.

"पण मग आपले जुने दिवे का मिणमिणते?"

"त्या माका कोणी इचारल्यानच नाय," तो म्हणाला.

हे त्याने साध्या आवाजात सांगितलं, पण मला ते लागलं. दुकान बंद झाल्यापासून वर्षभर त्याला आम्ही सगळे गोळी घेतली का, एवढंच विचारत होतो. मीसुद्धा.

पुढचे तीन दिवस आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दुकान पुन्हा उघडलं. त्याने माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला लावली. दिव्यांवरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलं होतं, ते मी पॉलिश पेपरने पाणी लावून घासलं. बाष्प पुसून, नव्या रबरी टोप्या घातल्या. मग त्याने बोट दाखवलं ते एका वायरीच्या टोकाकडे. ते पत्र्याला जिथे स्क्रूने बसवलं होतं, तिथे खाऱ्या हवेने गंज चढून पापुद्रे सुटले होते. "ह्येका अर्थिंग म्हणतत. करंट येता, पण परतीची वाट बंद. बल्ब बिचारो अर्ध्या पोटार काम करता." खाली वाकायची त्याला बंदी, म्हणून तो स्टुलावर बसून सांगे आणि मी गाडीत डोकं घालून करी. गंज खरवडला, टोक तासलं, ग्रीस लावलं, घट्ट केलं. बॅटरीपासून दिव्यांना सरळ जाडी वायर ओढली. "सैल ऱ्हवलो तर?" म्हणून त्याने माझ्याकडून तो स्क्रू तीनदा काढून तीनदा बसवून घेतला. गृहपाठच. बल्ब पूर्वीच्याच जातीचे, पण नवे, तेवढ्याच ताकदीचे. जास्त ताकदीचे घालूया का, असं मी विचारल्यावर त्याने नुसतं सड्याकडे बोट केलं.

सड्यावर पुन्हा गेलो. उजेड पिवळाच, डोळ्यांत भरण्यासारखा काही नाही. शेजारीण आली असती तर म्हणाली असती, ह्यात काय बघायचं? पण तो चालत गेला, आणि मी त्याला बघत राहिले. पन्नास. साठ. म्हैस त्या दिवशीही होती; तिचे डोळे चमकले, तो तिला वळसा घालून गेला. छत्रीचं टोक, मग पाठ, मग नुसत्या चपला. सत्तरच्या पुढे दोन पावलं गेल्यावर त्या विझल्या, आणि मी त्याच क्षणी हॉर्न मारला. अर्धा मार्कही वाढवून दिला नाही.

समोरच्याला काय दिसतं तेही त्याने मला दाखवलं. तो गाडीपाशी थांबला, मी छत्री घेऊन लांबून चालत आले. दोन पिवळे गोळे, आणि माझ्या पायाखालचा रस्ता मला दिसत होता. आठवडाभर मी माणसांकडून काय काढून घेतलं होतं, ते तेव्हा कळलं.

पांढरे बल्ब त्याने टाकले नाहीत. वीज गेली की एक स्वयंपाकघरात बॅटरीवर लागतो. मासे साफ करायला त्याच्यासारखा उजेड नाही, एक खवला राहायचा नाही.

फोन आला श्रावणात, पहाटे साडेतीनला. विहीणबाईंचा. "निघा," एवढंच.

पाऊस धो धो होता. मी गाडी काढली, तो शेजारी बसला. कसालपर्यंतचा रस्ता मी कसा चालवला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मला रस्त्याची कड दिसत होती, आणि पावसातसुद्धा वळण यायच्या आधी कळत होतं. समोरून दोन गाड्या आल्या. कोणी दिवे मारले नाहीत. मला बरं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही.

कसालला हायवेला लागलो आणि कुडाळच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आपटली. उजवा दिवा गेला. नवऱ्याने दाराला हात घातला.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

"छत्री तरी धरतंय मां!"

त्याने छत्री धरली, ती माझ्यावर कमी आणि इंजिनावर जास्त. मी मोबाईलचा टॉर्च लावून तो दातात धरला आणि हात आत घातला. वायर सुटलेली. चाचपडत स्क्रू सापडला. बोटांना ग्रीस, काजळी, गंज, सगळं. पिळला. दिवा लागला. शेजारून भर वेगात ट्रक गेला आणि आम्हाला दोघांना डोक्यापासून पायापर्यंत चिखलाची आंघोळ घालून गेला.

"चलता," तो म्हणाला, आणि मला एवढे मार्क त्याने आयुष्यात कधी दिले नव्हते.

बांद्याला पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या मी दोन दोन करून चढले. खोलीच्या दारात नर्सने मला अडवलं. माझा अवतार बघून तिला वाटलं असेल गॅरेजमधलं कोणी चुकून आलं. आत लेक खाटेवर कुशीवर वळलेली, चादर मुठीत घट्ट धरलेली, केस कपाळाला चिकटलेले. अजून बाळंतपणाच्या खोलीत नेलं नव्हतं. तिने डोळे उघडले, माझ्या चिखलाच्या साडीकडे बघितलं, काळ्याकुट्ट हातांकडे बघितलं, आणि एक कळ पुरी जाईपर्यंत थांबून म्हणाली,

"इलंस गो आये? बरा झाला. आता माका भय नाय. पण पयले ते हात धुव, आणि मगे माझो हात धर."